अष्टपादांचे रसायन आणि फवारणीची टाकी

ऑगस्ट महिन्यात भिलाईहून धमधाच्या दिशेने निघाले, की पोलाद कारखान्याच्या चिमण्या मागे पडतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या सुरू होतात. रोवणी होऊन तीन-चार आठवडे झालेले असतात. खोडकिड्याने पोखरलेल्या रोपांचा मधला गाभा पिवळा पडून सुकू लागला, की शेतकरी कृषी सेवा केंद्रातून दाणेदार औषधाची पिशवी आणतो आणि चिखलात उभा राहून उघड्या मुठीने दाणे फेकतो. त्या पिशवीवर पुष्कळदा ‘कारटॅप हायड्रोक्लोराईड ४ टक्के’ असे छापलेले असते. हे औषध एका समुद्री प्राण्याच्या विषाची नक्कल आहे, हे मात्र फेकणाऱ्याला आणि अनेकदा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

जपानी मच्छीमार गळाला आमिष म्हणून गांडुळासारखा दिसणारा एक समुद्री प्राणी लावीत. मेलेल्या आमिषावर बसणाऱ्या माश्या लुळ्या पडून मरतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९३४ मध्ये निट्टा या जपानी संशोधकाने त्यातील विष वेगळे केले. १९६२ मध्ये त्याची रासायनिक रचना उलगडली. १९६७ मध्ये त्या रचनेवर बेतलेले कारटॅप बाजारात आले. मूळ विष, म्हणजे नेरेइस्टॉक्सिन, जसेच्या तसे विकले गेले नाही. रसायनशास्त्रज्ञांनी त्याला असे रूप दिले, की पिशवीत ते टिकून राहावे आणि किडीच्या शरीरात शिरल्यावर त्याचे पुन्हा नेरेइस्टॉक्सिन व्हावे. विषाची कल्पना निसर्गाची होती, पण ते किडीपर्यंत नेणारे वाहन प्रयोगशाळेत घडले. जाता जाता हेही नोंदवले पाहिजे, की प्राण्यापासून सुचले म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. बांधीतल्या माशांना कारटॅप घातक आहे आणि उघड्या हातालाही ते मानवत नाही.

आता तीच वाट विंचू, कोळी आणि त्यांच्या भाऊबंदांच्या बाबतीत चोखाळली जात आहे. ‘कोळ्याच्या विषापासून बनलेले कीटकनाशक’ ही गोष्ट परदेशात प्रत्यक्षात आली आहे आणि त्याविषयीच्या बातम्या, चित्रफिती शेतकऱ्यांच्या मोबाईलपर्यंत पोहोचू लागल्या आहेत. अशा वेळी विस्तार कार्यकर्त्याला दोन टोकांचे प्रश्न विचारले जातात. ‘विंचवाचे विष आम्ही पिकावर मारायचे काय?’ हा एक आणि ‘नैसर्गिकच आहे ना, मग कसली भीती?’ हा दुसरा. दोन्ही प्रश्न विषाभोवतीच फिरतात. अष्टपादांचे रसायनशास्त्र थोडे जवळून पाहिले, तर त्यांचे सामर्थ्य विषात जितके आहे, त्याहून अधिक ते विष पोहोचविण्याच्या रीतीत आहे असे दिसते. शेतीला शिकण्यासारखे त्यात जे आहे ते मुख्यत्वे हेच आहे आणि आपल्याकडे दुर्लक्षही नेमके त्याच गोष्टीकडे होते.

एका शब्दाचा गोंधळ

पुढे जाण्यापूर्वी मराठी कृषी साहित्यातील एक जुना घोळ निस्तरणे आवश्यक आहे. आठ पायांच्या प्राण्यांचा जो अष्टपाद वर्ग, त्यात विंचू आहे, जाळे विणणारा कोळी आहे, गोचीड आहे आणि वांगी-भेंडीच्या पानामागे राहून रस शोषणारी सूक्ष्म कीडही आहे. दुर्दैवाने या शेवटच्या किडीलाही आपण ‘कोळी’च म्हणतो. ‘लाल कोळी’ ही कीड आहे, ‘भक्षक कोळी’ हा मित्र आहे आणि औषधाच्या डब्यावर ‘कोळीनाशक’ असे लिहिलेले असते. ते वाचून शेतकऱ्याने बांधावरचा जाळेवाला कोळी शत्रू मानला, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही. कृषी विद्यापीठांच्या शिफारस पुस्तिकांत रस शोषणाऱ्या किडीसाठी ‘कोळीकीड’ असा वेगळा शब्द नेमाने वापरला, तर एक पैसाही खर्च न होता पुष्कळ कोळी वाचतील. या लेखापुरता तरी हा भेद पाळला आहे.

आम्लाची पिचकारी

अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि मेक्सिकोत विंचवासारखा दिसणारा, पण नांगी नसलेला एक अष्टपाद राहतो. नांगीच्या जागी त्याला चाबकाच्या वादीसारखा बारीक दोरा असतो. त्याचे जातभाई भारतात दक्षिणेकडील व ईशान्येकडील जंगलांत आढळतात. डिवचले की तो शरीराच्या मागच्या टोकाकडील दोन ग्रंथींमधून नेमकी दिशा धरून पिचकारी मारतो आणि आसमंतात सिरक्याचा उग्र वास पसरतो. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस आयस्नर, जेरॉल्ड माइनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये या स्रावाचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यात ८४ टक्के ॲसेटिक आम्ल, ५ टक्के कॅप्रिलिक आम्ल आणि ११ टक्के पाणी निघाले.

स्वयंपाकघरातल्या सिरक्यात ॲसेटिक आम्ल ४-५ टक्के असते, हे लक्षात घेतले म्हणजे ८४ या आकड्याचा अर्थ कळतो. तरीही या संशोधनातील मोलाचा आकडा ५ हा आहे. कीटकाच्या अंगावर मेणचट थर असतो. ॲसेटिक आम्लाचा पाणचट थेंब त्या थरावर पसरत नाही, अळूच्या पानावरील पाण्यासारखा घरंगळतो. कॅप्रिलिक आम्ल हे तेलकट स्वभावाचे आहे, नारळाच्या तेलातही ते असते. ते त्या थेंबाला मेणावर पसरू देते आणि आत मुरण्याची वाट करून देते. बचावाचे मुख्य काम ॲसेटिक आम्ल करते, पण ते आपल्या बळावर आत जाऊ शकत नाही. या दोन्ही आम्लांत प्रयोगशाळेत बनविण्यास अवघड असे काहीच नाही. दोन्ही उद्योगात टनांनी तयार होतात. त्या प्राण्याची करामत त्यांच्या प्रमाणात आहे.

कोबीच्या पानावर, कांद्याच्या पातीवर फवारा टिकत नाही म्हणून शेतकरी टाकीत ‘स्टिकर’ घालतो. ते जवळ नसले, तर शाम्पूची पुडी फोडतो. म्हणजे हे तत्त्व त्याला अनुभवाने ठाऊक आहे. ठाऊक नसते ते इतकेच, की पसरविणारे व मुरविणारे द्रव्य पान, कीड आणि फवारणाऱ्याचा हात असा भेद करीत नाही. औषध मेणातून आत नेणारी वस्तू ते कातडीतूनही आत नेऊ शकते. याचा विचार पुढे पुन्हा करावा लागेल.

कोळशाचे कडे, लांबपायाचे कडे

भिलाईचा कारखाना सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, हे सर्वश्रुत आहे. त्या पोलादामागे एक रसायनांचा कारखानाही चालतो, हे तितके ठाऊक नसते. दगडी कोळसा हवेविना तापवून कोक बनविताना जो वायू निघतो, त्यातून अमोनियम सल्फेट हे खत मिळते आणि बेंझीनही मिळते. मागे उरलेल्या डांबरात फिनॉलच्या कुळातील द्रव्ये असतात. सहा कार्बन अणूंचे एक कडे, हा या सर्व सुगंधी द्रव्यांचा सांगाडा.

याच सहा कार्बनांच्या कड्यावर एका अष्टपादाने आपला बचाव उभारला आहे. काडीसारखे अतिलांब पाय आणि दाण्याएवढे शरीर असलेला हा प्राणी कोळ्यासारखा दिसतो, पण तो जाळे विणत नाही आणि त्याला विषही नसते. शास्त्रीय भाषेत त्याच्या गणाला ‘ऑपिलिओन’ म्हणतात. सह्याद्रीच्या ओलसर कपारींत त्यांचे थवेच्या थवे एकमेकांत पाय गुंतवून बसलेले दिसतात. उरुग्वे देशातील अशा एका जातीच्या स्रावातून १९५० च्या दशकात ‘गोनिलेप्टिडिन’ हे जिवाणूंना मारणारे द्रव्य मिळाले. हार्वर्डचे लुई फीझर आणि उरुग्वेच्या मारिया आर्दाओ यांनी १९५६ मध्ये त्याची रचना निश्चित केली. ते एकच द्रव्य नसून मिथाइल गट जोडलेल्या तीन बेंझोक्विनोनांचे मिश्रण निघाले. हे तेच फीझर, ज्यांनी १९३९ मध्ये ‘के’ जीवनसत्त्वाच्या संश्लेषणात मोठी कामगिरी बजावली होती. ते जीवनसत्त्वही क्विनोनच आहे.

त्या तिघांपैकी ट्रायमिथाइल बेंझोक्विनोन आज उद्योगात नित्य बनते, कारण ‘ई’ जीवनसत्त्वाच्या कृत्रिम निर्मितीत ते मधल्या पायरीवर लागते. योग्य मिथाइल फिनॉल घेऊन त्याचे ऑक्सिडीकरण केले, की काम होते. मग हा प्रश्न स्वाभाविक आहे, की ज्या द्रव्याने मुंग्या मागे फिरतात, जिवाणू मरतात आणि जे कारखान्यात बनू शकते, ते पिकावर का फवारू नये?

उत्तर त्या लांबपायाच्या वागण्यात आहे. क्विनोन कोणत्याही प्रथिनाला जाऊन चिकटते. मुंगीच्या, पानाच्या आणि माणसाच्याही. हाताला लागले तर कातडीवर तपकिरी डाग पडतो, डोळ्यांची आग होते. एवढे आंधळे अस्त्र तो प्राणी कसे वापरतो, हे आयस्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका जातीवर पाहून १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. मुंगीने पकडले, की तो तोंडावाटे आपल्या पोटातील पाणी बाहेर काढतो, ग्रंथीतील अत्यल्प क्विनोन त्यात मिसळतो, पुढच्या पायाचे टोक त्या थेंबात बुडवितो आणि चावणाऱ्या मुंगीला तेवढाच एक बोट लावतो. साठा तीव्र असतो, वापराच्या क्षणी तो पातळ होतो आणि जिथे हल्ला तिथेच लागतो. एकरभर शेतात सरसकट धुरळा उडविणाऱ्या आपल्या पद्धतीच्या हे अगदी विरुद्ध आहे. क्विनोनचा रेणू आपण उचलला आणि ही रीत सोडली, तर हाती उरते ती फक्त आग.

याच कुळातील रेणूंनी अलीकडे औषधशास्त्रात लक्ष वेधले आहे. मेक्सिकोतील एका विंचवाचे विष हवा लागताच रंग बदलते, या निरीक्षणावरून मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातील व स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी त्यातील एक लाल आणि एक निळे अशी दोन बेंझोक्विनोने ओळखली. हाती विष होते ते एका लहान थेंबाहून कितीतरी कमी. त्यामुळे रचना ओळखून दोन्ही द्रव्ये प्रयोगशाळेत बनवावी लागली आणि पुढच्या चाचण्या त्या कृत्रिम द्रव्यांवर झाल्या. लाल द्रव्याने स्टॅफिलोकॉकस जिवाणू मारले, निळ्याने क्षयाचे. २०१९ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. विंचू पाळून, त्याला पिळून औषध मिळविण्याचे दिवस येणार नाहीत, हे त्यातून स्पष्ट होते. प्राणी नमुना दाखवितो आणि माल प्रयोगशाळेतच तयार होतो.

साठवणुकीतल्या धान्यात, तेलबियांत आणि अळिंबीच्या खोल्यांत उपद्रव देणाऱ्या कोळीकिडींचीही अशीच गंधभाषा आहे. यासुमासा कुवाहारा या जपानी शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये त्यांच्यातील पहिला धोक्याचा गंध ओळखला. एक कीड चिरडली गेली, की त्या गंधाने बाकीच्या पांगतात. अनेक जातींच्या स्रावात सिट्रल असते. तोच रेणू आपल्या परसातील गवती चहाला वास देतो आणि ‘ए’ जीवनसत्त्वाच्या निर्मितीसाठी कारखान्यातही बनतो. रेणूची टंचाई इथेही नाही.

लाल विंचू: नांगी काढून घेतल्यावर

महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला विंचू म्हटले, की स्राव-रसायन आठवत नाही. कोकणातील भाताचा पेंढा, मराठवाड्यातील दगडी पौळ आणि रात्रीची बोंबाबोंब आठवते. काळ्या इंगळीचा आकार भय घालतो, पण जीव घेतो तो लहानसा लाल विंचू. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाने हृदयावर होणारे परिणाम बारकाईने नोंदविले आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यावर लागू पडते हे दाखविले. ‘लॅन्सेट’ मध्ये १९८६ साली ते प्रसिद्ध झाले आणि खेड्यापाड्यांतले कित्येक जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या विंचवाचे विष म्हणजे एक द्रव्य नव्हे. त्यात अनेक लहान प्रथिने, म्हणजे पेप्टाइड, असतात आणि प्रत्येकाचे लक्ष्य निराळे असते. सस्तन प्राण्यांच्या नसांवर चालणारी वेगळी, कीटकांवर चालणारी वेगळी. १९९० मध्ये याच विषातून ‘आयबेरिओटॉक्सिन’ हे ३७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड वेगळे झाले. पेशींतील पोटॅशियमच्या एका विशिष्ट वाटेला ते नेमके बूच लावते, म्हणून शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळांत ते एक हत्यार म्हणून वापरले जाते. २००१ मध्ये आणखी एक ३७ अमिनो आम्लांचे पेप्टाइड प्रसिद्ध झाले, ‘ब्यूटा-आयटी’. त्याचा रोख पतंगवर्गीय अळ्यांवर आहे. आपल्या घाटेअळीची जवळची नातलग असलेल्या अमेरिकी अळीला ते टोचले असता ती लुळी पडली. लाल विंचवाच्या विषातले माणसाला मारणारे घटक बाजूला ठेवून अळीला मारणारा घटक तेवढा घेता येतो, हे त्यावरून दिसले. ‘विंचवाचे विष पिकावर मारायचे काय?’ या प्रश्नाला द्यायचे उत्तर हे आहे.

पण ‘टोचले असता’ या दोन शब्दांत सगळी मेख आहे. विंचवाला नांगी असते. फवारणी पंपाला नसते. अळीने पानाबरोबर पेप्टाइड खाल्ले, तर तिच्या पोटात ते डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाते, किंवा आतड्याची भिंत ओलांडू शकत नाही. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाच्या गटाने यावर एक युक्ती केली. स्नोड्रॉप या युरोपीय फुलझाडात एक लेक्टिन असते. ते कीटकाच्या आतड्याला चिकटते आणि भिंतीपलीकडे रक्तात उतरते. ब्यूटा-आयटी या लेक्टिनला जोडून दिले, तेव्हा खाण्यातूनही त्याचा परिणाम दिसला. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्याच पद्धतीने एका युरोपीय कोळ्याचे विष लेक्टिनला जोडून मावा आणि धानावरील तपकिरी तुडतुडे यांच्यावर वापरून पाहिले गेले. तपकिरी तुडतुडे म्हणजे छत्तीसगडचा शेतकरी ज्याला ‘माहो’ म्हणतो आणि ज्याच्यामुळे ऑक्टोबरात उभे धान गोलाकार जळाल्यासारखे दिसते, तीच कीड. कोळ्याचे विष एकटे पाजून जे झाले नाही, ते या जोडीने झाले.

बाजारात पोहोचलेले उदाहरण ऑस्ट्रेलियातील एका कोळ्याचे आहे. ब्लू माउंटन्स भागातील या कोळ्याच्या विषातील एका पेप्टाइडवर आधारलेल्या कीटकनाशकाला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१४ मध्ये नोंदणी दिली. ‘स्पिअर’ या नावाने ते विकले जाते आणि कीटकनाशकांच्या कार्यपद्धतीनुसार केलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत त्यासाठी ३२ क्रमांकाचा स्वतंत्र गट आहे. अळ्यांसाठी ते वापरताना सोबत बीटी जिवाणूचे औषध अल्प मात्रेत मिसळण्याची शिफारस आहे. बीटी आतड्याला भोके पाडते आणि पेप्टाइड त्यातून आत जाते. व्हिनेगर विंचवाच्या त्या ५ टक्क्यांचेच हे नवे रूप.

अशी पेप्टाइडे बनविणे क्विनोनइतके सोपे नाही. रॉबर्ट ब्रूस मेरीफील्ड यांनी १९६३ मध्ये अमिनो आम्लांचे मणी एकामागून एक ओवण्याची रीत शोधली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. माळ ओवली, तरी ती योग्य तऱ्हेने दुमडावी लागते. ब्यूटा-आयटीत गंधकवाले आठ मणी आहेत. ते दोन-दोनांनी एकमेकांना बांधले जातात. आठांच्या अशा जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात आणि उपयोगाची त्यातली एक. प्रयोगशाळेतल्या काही मिलिग्रॅमसाठी हा खटाटोप परवडतो, शेतासाठी नाही. म्हणून शेतीसाठीचे पेप्टाइड यीस्टकडून, मोठ्या टाक्यांत, आंबवणीने करून घेतले जाते.

टाकीत काय मिसळले जाते

आता मागे सोडलेला धागा उचलणे भाग आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याच्या वर वाढलेली कपाशी, दमट हवा, अंगावर संरक्षक कपडे नाहीत आणि एका टाकीत दोन-तीन औषधे, खते, टॉनिके एकत्र, असे चित्र त्या वेळी पुढे आले. त्या घटनेनंतरची बहुतेक चर्चा ‘कोणते औषध’ या प्रश्नावर झाली. बंदी कशावर घालायची, विक्रेता कोण, नोंदणी होती की नव्हती. हे प्रश्न योग्यच होते. तथापि एका औषधातील द्रावक आणि पसरविणारे द्रव्य दुसऱ्या औषधाला कातडीतून आत नेण्यास मदत करू शकते, ही गोष्ट गावपातळीवर अजूनही कोणी नीट समजावून सांगत नाही. व्हिनेगर विंचवाचा आकृतिबंध समजलेला कृषी सहायक हे पाच मिनिटांत सांगू शकेल.

म्हणूनच कोळ्या-विंचवांच्या नावाने येणाऱ्या कोणत्याही नव्या उत्पादनाविषयी पहिला प्रश्न ‘नैसर्गिक की रासायनिक’ हा नसावा. गवती चहातील सिट्रल, कोळीकिडीतील सिट्रल आणि कारखान्यातील सिट्रल यांत रेणूचा फरक नाही. विचारावे ते असे: हे द्रव्य किडीच्या शरीरात कोणत्या वाटेने शिरते? त्या वाटेसाठी सोबत काय घातले आहे? आणि तीच वाट मधमाशी, मासा व माणूस यांच्यासाठी उघडी आहे की बंद? लेबलवर याचे उत्तर नसेल, तर शिफारस करू नये. सिरक्याच्या किंवा आम्लाच्या घरगुती तीव्र फवाऱ्यांचे प्रयोग तर करूच नयेत. ८४ टक्के आम्ल त्या प्राण्याच्या ग्रंथीला सोसते, हाताला आणि डोळ्याला नाही.

दुसरी अपेक्षा संशोधन संस्थांकडून आहे. रायपूरला इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे, जवळच बरोंडा येथे २०१२ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे आणि २०१६ मध्ये सुरू झालेली भिलाईची आयआयटी आहे. कीटकशास्त्र, रसायनशास्त्र आणि अभियांत्रिकी एका दिवसाच्या प्रवासात एकत्र येतील अशी जागा देशात फार नाही. लाल विंचवाच्या अळीमारक पेप्टाइडवर डरहॅममध्ये वाहन बसवले गेले, याचा राग मानण्याचे कारण नाही. पण ते काम इथेही व्हावे, ही अपेक्षा अवास्तव नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक जीवांच्या वापरावर समाजाचा हक्क मान्य केला आहे. गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांत झाडे व पिके यांच्या जोडीने विंचू, कोळी, लांबपाये यांनाही पाने मिळाली पाहिजेत. ज्याची नोंदच नाही, त्याच्यावर हक्क कसला सांगणार?

असे पेप्टाइड भारतीय धानाच्या बांधीत पोहोचेपर्यंत मात्र शेतकऱ्याने हात जोडून बसण्याचे कारण नाही. त्या विषाचे सर्वोत्तम वाहन बांधीत आधीच फिरत आहे. धानातील लांडगा कोळी पाण्यावरून पळतो, रोपाच्या बुंध्याशी तुडतुड्यांना गाठतो आणि दिवसाला ५ ते १५ भक्ष्ये मारतो. त्याच्यापाशी विष आहे, ते टोचण्याचे साधन आहे आणि कोणाला टोचायचे याची निवडही आहे. सरसकट फवारणीत तो आधी मरतो आणि मागे तुडतुडे उसळतात, हा आग्नेय आशियाचा अनुभव आहे; इंडोनेशियाने १९८६ मध्ये धानावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली ती याच कारणाने.

सप्टेंबरच्या अखेरीस पाहणीला जाताना विस्तार कार्यकर्त्याने आणि शेतकऱ्याने मिळून बांधीत तिरकस रेषेत चालावे, ठिकठिकाणचे चूड हलके वाकवून त्यावर थाप मारावी आणि पाण्यावर पडलेले तुडतुडे व कोळी दोन्ही मोजावेत. पीक परिसंस्था विश्लेषणात साधारणपणे दोन किडींमागे एक मित्र असे प्रमाण धरले जाते. तितके कोळी आणि इतर भक्षक भरले, तर औषधाची पिशवी उघडू नये, बांधीतले पाणी काढावे आणि आठवड्याने पुन्हा येऊन मोजावे. वहीत दोन रकाने करावेत: एका रकान्यात तुडतुडे, दुसऱ्यात कोळी. कोळीकीड आढळलीच, तर तिच्यासाठी तिसरा.